इंजिन उघडायच्या आधी

दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदातली गोष्ट. आदल्या दिवशी गाडी शेतापर्यंत नेली होती, पाऊस नुकताच उघडला होता, आणि सकाळी मी उमरीहून नांदेडला निघालो. गावाबाहेर पडेपर्यंत काही नाही. मोकळा रस्ता लागला, काटा पासष्टवर गेला आणि स्टेअरिंग हातात थरथरायला लागलं. सत्तरला डॅशबोर्ड खडखडू लागला, आतल्या आरशातली मागची जीप नुसती पुसट रेघ झाली. वेग पन्नासवर आणला की सगळं शांत. गाडी २००७ सालची, पावणेदोन लाख किलोमीटर चाललेली. मनात पहिला विचार आला तो इंजिनचाच. ज्या गॅरेजात दाखवली तिथंही तेच ऐकायला मिळालं, "गुरुजी, इंजिन कामाला आलंय. उतरवावं लागतंय." खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. संध्याकाळी चाकं धुवायला बसलो तेव्हा पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, रिमच्या खोबणीत, काळ्या मातीचा लपका सापडला. वाळून इतका घट्ट झालेला की पाण्यानं सुटेना, खुरप्याच्या टोकानं उचकटावा लागला. घरातल्या काट्यावर ठेवला तर शंभर ग्रॅमच्या थोडा वरच भरला. तो निघाला आणि थरथर गेली.

तेव्हापासून कुणी मला "गाडी वेगात हादरते, इंजिन गेलं वाटतं" म्हणालं की मी आधी चाकांशेजारी उकिडवा बसतो. दोष इंजिनात असतोही, नाही असं नाही. पण तो शेवटी तपासायचा. आणि दोष कुठं आहे ते ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. थरथर कशाबरोबर वाढते एवढं नीट बघायचं: चाकाच्या वेगाबरोबर, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर, की ॲक्सिलरेटरवर दिलेल्या जोराबरोबर. ही तीन वेगळी दुखणी आहेत, त्यांची औषधं वेगळी आहेत, आणि त्यांच्या खर्चात काहीशे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंतचं अंतर आहे.

शंभर ग्रॅम मातीनं एवढं काय होतं, असं वाटेल. हिशेब करून बघा. बारा इंची रिमच्या छोट्या गाडीचं चाक एका फेरीत साधारण एक मीटर सत्तर सेंटिमीटर पुढं जातं. म्हणजे ताशी ८० किलोमीटरला ते सेकंदाला १३ वेळा फिरतं. रिमच्या कडेला, मध्यापासून १५ सेंटिमीटरवर, शंभर ग्रॅम जादा वजन चिकटलेलं असेल तर या वेगाला ते चाकाला जवळजवळ १० किलोच्या ओझ्याइतक्या जोरानं बाहेर ओढतं. वर, पुढं, खाली, मागं, सेकंदाला १३ वेळा. ४० च्या वेगाला हाच जोर अडीच किलो उरतो, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. बैलगाडीच्या चाकाला चिखलाचे गोळे लोंबत असले तरी गाडीवानाला त्याचा पत्ता लागत नाही, आणि गावात गुणी असलेली कार हायवेला लागताच थरथरते, याचं कारण हेच.

आणखी एक गोष्ट लोकांना फसवते. पुष्कळ गाड्या ७०-७५ ला थरथरू लागतात, ८५ च्या आसपास ती सर्वांत जास्त होते, आणि त्यापुढं कमी होते. मग चालवणारा म्हणतो, "जरा दामटली की जाते." ती जात नाही. सस्पेन्शनवर टांगलेल्या चाकाला वर-खाली होण्याची स्वतःची लय असते. पंचमीच्या झोक्याला नेमक्या वेळी धक्का बसला तर तो फांदीपर्यंत जातो, वेळ चुकली की उंची धरत नाही. चाकातला धक्का त्याच्या लयीशी जुळतो तेव्हा थरथर कळसाला पोचते. वेग वाढवल्यावर लय चुकते, म्हणून आपल्याला कमी जाणवतं; धक्का मात्र वाढलेलाच असतो आणि तो बेअरिंग, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड मुकाट सोसत असतात.

चाचणीसाठी रस्ता चांगला हवा. खड्ड्यांच्या रस्त्यावर घेतलेली चाचणी वाया जाते. उमरीकडच्या दुपदरी रस्त्यांवर कारला ७० ची मर्यादा आहे, तेवढ्यात थरथर दिसली तर तिथंच बघा. त्याच्या वर जायचं असेल तर नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरला जाणारा ३६१ क्रमांकाचा चौपदरी महामार्ग घ्या. केंद्रानं २०१८ मध्ये ठरवलेल्या मर्यादेप्रमाणे चौपदरीवर कारला १०० पर्यंत मुभा आहे, जिथं पाटी कमी सांगते तिथं पाटीचं ऐका. सकाळची वेळ बरी. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यात असतात, तेव्हा अंधारात असले प्रयोग नकोत. शेजारी एकजण वही घेऊन बसलेला असावा. चालवणाऱ्यानं फक्त चालवायचं आणि बोलायचं, लिहायचं दुसऱ्यानं. निघण्याआधी चारही टायरची हवा थंड असताना मोजा, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी मोजलेली हवा खोटी असते, तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो.

आता ज्या वेगाला थरथर सर्वांत जास्त येते त्या वेगाला गाडी स्थिर धरा. मागंपुढं कुणी नाही हे बघून ॲक्सिलरेटर सोडा आणि क्लच पूर्ण दाबा. इंजिन स्लोवर येईल, गाडी मात्र त्याच वेगात पळत राहील. थरथर तशीच राहिली तर इंजिन सुटलं. दोष चाकात, टायरमध्ये, हबमध्ये किंवा गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतच्या शाफ्टमध्ये आहे. क्लच दाबताक्षणी थरथर गेली तर इंजिनाकडं किंवा जोर वाहून नेणाऱ्या जॉइंटकडं बोट जातं. इथं एक चूक जिवावर बेतते: इंजिनाचा संबंध तपासायचा म्हणून चालत्या गाडीत चावी फिरवून इंजिन बंद करतात. कधीही करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीनदा दाबण्यापुरताच उरतो, आणि चावी जास्त फिरली तर स्टेअरिंग लॉक होतं. चावी चालूच ठेवायची, क्लच चार-पाच सेकंद दाबायचा, बस.

क्लचनं थरथर गेली असेल तर दुसरी खूण घ्या. त्याच वेगाला, गिअरमध्येच, क्लचला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, फक्त ॲक्सिलरेटर सोडा. इंजिनच्या फेऱ्या क्षणभर तेवढ्याच राहतात, जोर तेवढा काढून घेतला जातो. थरथर लगेच थांबली तर ती जोराची थरथर आहे. नाही थांबली, गाडीचा वेग उतरेल तशी हळूहळू उतरली, तर ती फेऱ्यांची आहे. खात्रीसाठी तोच वेग, समजा ६५, आधी पाचव्या गिअरमध्ये धरा, मग चौथ्यात. चाकं दोन्ही वेळा तेवढीच फिरतात, इंजिन चौथ्यात जास्त फिरतं. थरथरीत फरक पडला नाही तर चाकं. बदलली, वाढली, दुसऱ्या वेगाला सरकली, तर इंजिन. जुन्या छोट्या गाड्यांत फेऱ्यांचा काटा नसतो, म्हणून ही गिअरची युक्ती मला सर्वांत उपयोगी वाटते.

बोटांनाही फरक कळतो. चाकाचा हादरा संथ, जाड असतो. सेकंदाला दहा-तेरा, मोजता येत नाही पण ठोके आहेत हे कळतं. ८० च्या वेगाला इंजिन त्याच्या तिप्पट-चौपट फिरत असतं, त्याची थरथर बारीक, मुंग्यांसारखी असते. पायाखालच्या पत्र्यात, गिअरच्या दांड्यात, आरशात ती झणझणते. स्टेअरिंग हलत असेल तर बहुधा पुढची चाकं, बूड आणि पाठ हलत असेल तर बहुधा मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर येत असेल तर टायर, इंजिन काहीच बघू नका, पुढच्या ब्रेक डिस्कचा पृष्ठभाग कमी-जास्त झिजलेला असतो किंवा मागचा ड्रम गोल राहिलेला नसतो.

आता चाकांकडं जरा सविस्तर वळू, कारण दहातली बहुतेक दुखणी इथंच सापडतात असा माझा अनुभव आहे.

पहिल्यांदा धुवा. बाहेरून नव्हे, आतून. आपली काळी माती ओली असताना लोण्यासारखी घुसते आणि वाळली की सिमेंटसारखी बसते. पावसाळ्यात गाडी रानात नेली असेल तर चारही चाकांच्या आतल्या खोबणीत बोट फिरवा. मग टायरवर तळहात फिरवा, संपूर्ण फेरा. कुठं फुगवटा लागला, गाठ लागली, तर आतला दोर तुटला आहे. त्या टायरवर पुढं जाऊ नका, स्टेपनी लावा. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. जुन्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र उन्हानं कडक झालेलं असतं. मराठवाड्याच्या उन्हात सहा-सात वर्षं काढलेला टायर नक्षी कितीही चांगली असली तरी मी हायवेला वापरत नाही. महिनोन् महिने एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर खालून चपटे होतात. पंधरा-वीस किलोमीटर चालवून थरथर कमी होत गेली तर तेच समजा. तशीच राहिली तर टायर कायमचा बसला.

नंतर आठवा, थरथर सुरू होण्याच्या आधी गाडीला काय झालं होतं? या एका प्रश्नानं अर्ध्या तपासण्या वाचतात. पंक्चर काढलं होतं का? पंक्चरवाला टायर सोडवताना हातोडी मारतो, रिमच्या कडेला लावलेलं शिशाचं छोटं वजन उडून रस्त्यावर पडतं, कुणाच्या लक्षात येत नाही. रिमच्या कडेला जिथं स्वच्छ, चकचकीत चौकोनी डाग दिसतो तिथं वजन होतं असं समजा. पंक्चर होऊ नये म्हणून टायरमध्ये द्रव ओतून घेतला असेल तर गाडी उभी असताना तो तळाला साचतो आणि निघाल्यावर बराच वेळ चाक एकीकडं जड राहतं. खड्ड्यात जोरात आदळली होती का? मग रिम बघावी लागेल.

रिम घरी बघता येते. गाडी पक्क्या, सपाट जागेवर घ्या. काळ्या रानात जॅक लावू नका, तो मातीत उतरतो आणि गाडी कलंडते. बाकीच्या चाकांना पुढूनमागून दगड, जॅकखाली जाड फळी, आणि गाडीखाली हात-पाय नाही. चाक थोडं उचलून गिअर न्यूट्रलला ठेवा. एक विटेचा तुकडा जमिनीवर ठेवून त्यावर पेन्सिल अशी टेकवा की तिचं टोक रिमच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटरवर राहील. आता हातानं चाक हळू फिरवा आणि टोक आणि कड यांच्यामधल्या फटीकडंच बघत राहा. फट सारखी राहिली तर रिम सरळ. एका जागी टोक घासलं आणि समोरच्या बाजूला फट वाढली तर रिम वाकलेली आहे. हेच टायरच्या नक्षीशी करा. रिम सरळ आणि टायर वर-खाली नाचत असेल तर टायर गोल राहिलेला नाही, तो बॅलन्सिंगनं सुधारणार नाही. चाक उचललेलंच आहे तर दोन्ही हातांनी वरून आणि खालून धरून हलवा, मग डावी-उजवीकडून धरून हलवा. वर-खाली धरल्यावर ढिलं लागलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवं धरल्यावर लागलं तर टाय रॉड एंड. चालताना वेगाबरोबर वाढणारा 'ऊंऽऽ' असा आवाज येत असेल आणि वळणावर तो बदलत असेल, तर बेअरिंग जवळजवळ नक्की.

मग बॅलन्सिंग. इथं बऱ्याच जणांची गल्लत होते, म्हणून स्पष्ट सांगतो: अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेला झिजतात, त्याला अलाइनमेंट. वेगात थरथरते, त्याला बॅलन्सिंग. अलाइनमेंट करून आणलं आणि थरथर तशीच राहिली म्हणून इंजिनाला दोष देणारी माणसं मी पाहिली आहेत. नांदेडला किंवा लातूरला टायरच्या दुकानात चाक यंत्रावर चढवतील तेव्हा जवळ उभे राहा. आधी रिमवरची माती आणि जुनी वजनं काढायला सांगा. वजनं लावून झाल्यावर चाक पुन्हा फिरवायला लावा, आतली आणि बाहेरची दोन्ही बाजू शून्यावर आली पाहिजे. एकाच बाजूला साठ-सत्तर ग्रॅमच्या वर वजन लागत असेल तर नुसतं वजन ठोकून घेऊ नका. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायला सांगा, किंवा रिम-टायर पुन्हा तपासा. चाक गाडीवर बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं घासून घ्या, मधे खडा किंवा रंगाचा पापुद्रा राहिला तरी चाक तिरकं बसतं. नट एकाआड एक, समोरासमोरचे, आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावा.

ज्यांना दुकानापर्यंत जायचं नाही त्यांना बिनखर्चाची एक युक्ती: पुढची चाकं मागं आणि मागची पुढं लावा. थरथर स्टेअरिंगमधून सीटखाली गेली तर दोषी चाक आधी पुढं असलेल्या दोघांतलं. मग त्या दोघांपैकी एकेकाच्या जागी चांगली स्टेपनी लावून बघा. मापाची असावी एवढंच. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण नंतर कुणी काहीही सांगितलं तरी तुम्हाला खरं माहीत असतं.

बोलेरो, सुमो, ओम्नी अशा मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाड्यांत एक जादा जागा असते, ती म्हणजे खालून मागं जाणारा प्रोपेलर शाफ्ट. तो चाकांच्या तीन-चार पट फिरतो, म्हणून त्याची थरथर चाकासारखी ठोक्यांची नसते, बारीक आणि घुमणारी असते, आणि क्लच दाबला तरी जात नाही. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसला खेळ पडलेला असतो किंवा मधलं बेअरिंग आणि त्याचं रबर गेलेलं असतं. क्रॉस बदलण्यासाठी शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही बाजूंच्या फ्लँजवर रंगाची एक सरळ रेघ मारून घ्यायला सांगा, म्हणजे तो होता तसाच बसेल. ही रेघ न मारल्यानं चांगला शाफ्ट नंतर थरथरतो.

जोराची थरथर म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की येते, सोडला की जाते. पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीत पहिला संशय एक्सलच्या आतल्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर घ्यावा. पुढच्या चाकामागं वाकून बघा: जॉइंटवरचं रबरी बूट फाटलं असेल, आजूबाजूला ग्रीस उडालेलं असेल, तर धूळ आत जाऊन जॉइंट खराब झाला. बाहेरचा जॉइंट गेला की वळणावर कट-कट असा आवाज येतो, आतला गेला की सरळ रस्त्यावर जोर देताना गाडी हादरते. जोर दिल्यावर थरथर नव्हे तर हिसके येत असतील तर ते इंजिनातलं, मिसिंगचं लक्षण.

आता इंजिन. सर्वांत आधी गाडीचा स्वभाव माहीत हवा. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली चावी दिली गेली ती मारुती ८००, आणि २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबेपर्यंत देशभर पसरलेल्या तिच्या लाखो बहिणी, ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या होत्या. तीन सिलिंडरचं इंजिन स्लोवर थोडं डुलतंच, ते त्याच्या रचनेत आहे. १९९८ च्या डिसेंबरात आलेल्या इंडिकाच्या डिझेल इंजिनाला चार सिलिंडर, पण डिझेलचा ठोका जड. अशा गाडीची सिग्नलवरची थरथर आणि हायवेवरची थरथर यांची सरमिसळ करू नका. उभी असताना हादरते, गिअर टाकून निघताना दणका देते आणि ८० ला मात्र गुळगुळीत पळते, तर तो फाउंडेशनचा, म्हणजे इंजिन माउंटिंगच्या रबराचा दोष. आपल्या विषयाच्या बरोबर उलट लक्षण. तरी वेगातल्या थरथरीवर फाउंडेशन बदलून देणारे भेटतात. बदलायचंच असेल तर चांगल्या प्रतीचं घ्या. कडक रबराचं स्वस्त फाउंडेशन लावलं की आधी नसलेली थरथरही आत येते.

वेगात आणि फेऱ्यांबरोबर वाढणारी थरथर उभ्या गाडीत पकडता येते. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, न्यूट्रलमध्ये रेस वाढवत न्या. एका ठराविक फेरीला पत्रा झणझणला, थोडं वर-खाली केलं की थांबला, तर आधी सायलेन्सर बघा. स्पीड ब्रेकरवर घासून त्याचं लटकवायचं रबर तुटतं आणि पाइप बॉडीला टेकतो. मग इंजिनचा प्रत्येक ठोका थेट तुमच्या पायाखाली येतो. दहा मिनिटांचं, एका रबराचं काम. नंतर इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, रेडिएटरच्या पंख्याची पाती मोजा. जुन्या जीपगाड्यांत इंजिनाला जोडलेल्या पंख्याचं एक पातं मोडलं की सगळं इंजिन थरथरतं. पुढच्या मोठ्या पुलीकडंही बघा. काही गाड्यांत तिच्या मधे रबराचा थर असतो, तो सुटला की पुली डुलत फिरते आणि बेल्टही खाते.

हे सगळं नीट असेल आणि गाडी जोर मागितला की हिसके देत असेल, तेव्हा कुठं प्लग, प्लगच्या वायरी, फिल्टर. वेगात इंधन जास्त लागतं. अर्धवट चोंदलेला फिल्टर गावात पुरतो, चढावर पुरत नाही. पेट्रोल गाडीचे प्लग काढून एका ओळीत मांडा, एक काळा, ओला आणि बाकीचे फिकट तपकिरी असतील तर तो सिलिंडर नीट जळत नाही. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर चिरलेल्या वायरीतून ठिणगी उडताना दिसते. तेव्हा हात लांब ठेवा. चालत्या इंजिनाची प्लगची वायर उपसून बघायची जुनी सवय कार्बोरेटरच्या काळात चालून गेली, इंजेक्शनच्या गाड्यांत तिनं इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. डिझेलला नोझल तपासा आणि फिल्टरमधलं पाणी सोडा. टायमिंग बेल्ट नुकताच बदलला असेल आणि तेव्हापासूनच थरथर असेल तर बेल्ट एक दात चुकला आहे का ते बघायला लावा. आणि हे सगळं झाल्यावरही कुणी इंजिन उघडायला सांगितलं तर आधी कॉम्प्रेशन मोजून मागा. प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर इंजिन उघडायला माझा होकार नसतो.

काही वेळा तपासत बसायचं नसतं. थरथर अचानक, चालता-चालता सुरू झाली, दर किलोमीटरला वाढत चालली, चाकातून टक-टक येतंय, स्टेअरिंग सैल वाटतंय, किंवा जळका वास आहे, तर वेग हळूहळू उतरवून कडेला थांबा. नट ढिले झालेले असू शकतात, किंवा टायर फुटायच्या बेतात असतो. थांबल्यावर उलटा हात प्रत्येक रिमच्या जवळ न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलेलं असेल तर त्याचा ब्रेक जाम आहे. तशा गाडीनं घर गाठायचा हट्ट नको, उमरी असो की लातूर.

गॅरेजात जाताना वहीतलं पान फाडून नेत जा. माझ्या भाच्यानं परवा नेलेलं पान असं होतं: "७० ला सुरू, ८५ ला जास्त, ९५ ला कमी. स्टेअरिंगमध्ये. क्लच दाबला तरी राहते. चौथ्या-पाचव्यात फरक नाही. ब्रेकवर वाढत नाही. पंधरा दिवसांपूर्वी पुढचं उजवं पंक्चर काढलं." मिस्त्रींनी ते वाचलं आणि बॉनेटला हातही न लावता पुढचं उजवं चाक खोललं. काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, शक्यतो मिस्त्रींना शेजारी बसवून जा, आणि पानाच्या मागच्या बाजूला तारीख, किलोमीटर आणि काय बदललं ते लिहून ते गाडीच्या कप्प्यात ठेवा.